लघुशंकेचं समाधान

गेली २७ वर्षं मी शाळेत मराठी शिकवते. एवढ्या वर्षांत किती मुलांच्या गळी समास उतरवले ते मला सांगता येणार नाही, पण किती करंगळ्या खाली करायला लावल्या याची नोंद चित्रगुप्ताकडे नक्की असणार. चौथ्या तासाला मागच्या बाकावरून एक करंगळी वर येते. "बाई, एकीला जाऊ?" मी फळ्यावरचा शब्द पुरा करत, मागे न बघता विचारते, "मधल्या सुट्टीत काय करत होतास?" या प्रश्नाला आजवर कोणी धड उत्तर दिलेलं नाही. करंगळी खाली जाते, पोरगं पायावर पाय आवळून बसतं आणि बहुव्रीही समास पुढे चालू होतो.

यंदा होळीच्या आसपास चित्रगुप्ताने माझी वही उघडली.

निमित्त झालं दहावीच्या परीक्षेचं. पर्यवेक्षण हे काम बाहेरून फार सोपं दिसतं. पंचवीस मुलं, एक खोली, तीन तास. पण त्या तीन तासांत खोली सोडायची तर बदली माणूस यावा लागतो, बदली माणूस यायचा तर शिपाई सापडावा लागतो, आणि शिपाई सापडलाच तर बायकांच्या स्वच्छतागृहाची किल्ली कुणाकडे आहे हा प्रश्न त्या दिवशीच्या बीजगणितापेक्षा अवघड निघतो. यावर आम्हा शिक्षिकांचा वर्षानुवर्षांचा तोडगा आहे: पाणीच प्यायचं नाही. सकाळी अर्धा कप चहा, तोही जीभ ओली होण्यापुरता. मुंबईत २०११ साली बायकांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' नावाची मोहीम सुरू झाली, तेव्हा आमच्या शिक्षकखोलीत त्या नावावरच मधली सुट्टीभर हसणं चाललं होतं. हसून झाल्यावर आम्ही सगळ्या जणी पाणी न पिता आपापल्या तासांना गेलो.

तर भूमितीच्या पेपरला मला काहीतरी चुकतंय असं वाटायला लागलं, आणि संध्याकाळपर्यंत काय चुकतंय याबद्दल शंका उरली नाही. म्हणजे शंका उरली. तीच तर उरली. आपल्या भाषेत ज्याने या क्रियेला 'लघुशंका' हे नाव दिलं, त्या माणसाच्या सभ्यपणाला मी रोज नमस्कार करत आले आहे. मोठी ती दीर्घशंका, छोटी ती लघुशंका. जणू माणूस मोरीत नाही, एखाद्या शास्त्रीबुवांकडेच चाललाय. पण आता मला दर दहा मिनिटांनी शंका यायची आणि समाधान मिळायचं चार थेंबांचं. तेही असं, की मिरच्या वाटलेला पाटा धुतल्याचं पाणी बरं.

असल्या दुखण्याची पंचाईत अशी, की ते सांगायचं कसं? गुडघा दुखतो, हे माणूस रिक्षावाल्यालाही सांगतो. अॅसिडिटी तर लोक ओळख करून देताना सांगतात. पण हे? आयुष्यभर भाषा शिकवून मला नवऱ्याला सांगायला एक वाक्य सापडेना. शेवटी मी म्हटलं, "मला बरं नाहीये." तो म्हणाला, "कुठे?" मी म्हटलं, "असंच." तो म्हणाला, "बरं," आणि पुन्हा क्रिकेट बघायला लागला.

म्हणून सासूबाईंना फोन केला. त्या करमाळा तालुक्यात, गावी असतात. मी दार लावून घेतलं, आवाज खाली केला.

"आई, जरा ते... बाथरूमला गेलं की... जळजळ होतेय."

"आगं बया! उन्हाळी लागली म्हण की सरळ!"

मागून आण्णांचा आवाज आला. "काय? उन्हाळी लागली? एवढ्या लवकर? मग या म्हणावं पोरांना घेऊन."

"सुट्टी न्हवं ओ! सुनंला उन्हाळी लागलीय! लघवीची!"

आण्णांना कमी ऐकू येतं, म्हणून आई त्यांच्याशी मोठ्याने बोलतात. आणि आमच्या गावाचा भाग सपाट आहे. आवाज अडवायला मध्ये डोंगर नाही.

रात्री आठपर्यंत मला नऊ फोन आले. चुलत सासू, मावस नणंद, आण्णांचे मित्र, आणि एक बाई ज्या कोण हे मला अजून कळलेलं नाही, पण त्यांनी माझी फार आपुलकीने चौकशी केली आणि वाळा माठात टाकायला सांगितला. धने-जिरे रात्री भिजत घालून सकाळी ते पाणी प्यायचं, हे तर प्रत्येकीनेच सांगितलं. त्यापुढे मात्र मतभेद होते. एकीचं म्हणणं सब्जा, दुसरीचं कुळथाचं कढण. तिसरीने जवाचं पाणी सुचवून वर "दुकानातला दलिया नव्हे, जव" असा दम भरला. मावस नणंदेने पळसाची फुलं वाफवून ओटीपोटावर बांधायला सांगितली. होळीचे दिवस, पळस फुललेला, त्यामुळे हा उपाय हंगामाला धरून होता. पण आमच्या पुण्याच्या सोसायटीत फुलतो तो गुलमोहर, आणि तोही बिल्डरच्या पत्रकात. समोरच्या काकूंना हे सगळं जिन्यात ऐकू गेलंच होतं. त्या पानफुटीची चार पानं घेऊन आल्या. ती मुतखड्याला, हे त्यांना माहीत होतं, पण "आता आणलीच आहेत तर खा" असं त्यांचं म्हणणं पडलं.

तळमजल्यावरचे नाना मात्र थेट शिवांबूवर आले. मोरारजीभाईंनी पंतप्रधान असताना, १९७८ साली, अमेरिकेच्या टीव्हीवर याबद्दल खुलेपणाने सांगितलं होतं, आणि माणूस ९९ वर्षं जगला, हा नानांचा पुरावा. मी म्हटलं, "नाना, इथे बाहेर पडतानाच एवढे हाल आहेत, परत आत कुठे पाठवू?" नाना रागावले नाहीत. ते त्यावर एक पुस्तिका देऊन गेले.

सांगायचा मुद्दा असा, की ज्या दुखण्याचं नाव आपण घरातही चारचौघांत घेत नाही, त्याच्या औषधांचा नुसता गजर असतो. मूत्रमार्ग हा शब्द कुणी उच्चारला नाही, पण त्यात काय काय ओतायचं हे सगळ्यांना पाठ होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दारात सासूबाई उभ्या. पहाटेची बस धरून आल्या होत्या. हातात गोणपाटाची पिशवी. मी ती घ्यायला गेले आणि किंचाळले, कारण पिशवी चावली.

"हळू! सराटं हायती त्यात."

सराटा ज्यांनी पाहिला नाही, त्यांनी खेड्यातलं माळरान अनवाणी पाहिलेलं नाही. जमिनीला चिकटून पसरणारी वेल, हरभऱ्यासारखी बारीक पानं, पाच पाकळ्यांची पिवळी गोड फुलं. त्या फुलाकडे बघून माणूस एक पाऊल पुढे टाकतो आणि मग त्याला फळ भेटतं. फळाचे पाच भाग सुटे होतात, आणि प्रत्येक भाग कसाही पडला तरी त्याचा एक काटा आकाशाकडे असतो. लहानपणी आमच्या चपलांचे तळ यांनी इतके भरलेले असायचे, की घरी आल्यावर सुई घेऊन वेचत बसावं लागे. सायकलची हवा तर हा काटा लांबूनच काढायचा. याचं शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. पूर्वी लढाईत घोड्यांच्या वाटेवर लोखंडी काटे टाकत, त्यावरून ते पडलं. म्हणजे ज्याने घोडदळ थांबवायचं, त्यानेच आता माझी अडलेली वाट मोकळी करायची होती. माझा धाकटा भाऊ अॅरिझोनात असतो. त्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, "ताई, हा इथे सायकलवाल्यांचा एक नंबरचा शत्रू आहे. याचं बी पोखरायला १९६१ मध्ये अमेरिकेत सोंडकिडे आणून सोडलेत. आणि तू उकळून पितेयस?"

आमच्या घरात प्रत्येकाला हा काटा वेगळाच टोचला. आईंनी नवऱ्याला सांगितलं, "गोखरू म्हणत्यात ह्याला, बघ तुझ्या मोबाइलात." त्याने लगेच व्हिडिओ लावला. पाच मिनिटांनी गंभीर चेहऱ्याने येऊन म्हणाला, "हे प्यायचं नाहीये. तळपायाला लावायचंय." हिंदीत पायाच्या भोवरीला गोखरू म्हणतात, त्यामुळे तो भोवरी कापण्याचा अख्खा विधी बघून आला होता. दुपारी जिमला जाणारा पुतण्या आला. ओट्यावरची परात बघून त्याचे डोळे चमकले. "काकू, ट्रिब्युलस? तुम्ही जिम लावलीत?" तो याच्याच अर्काच्या गोळ्यांचा डबा दोन-अडीच हजारांना घेतो, पुरुषी ताकदीसाठी. माणसांवरच्या चाचण्यांमध्ये तसं काही धड दिसलेलं नाही, हे मी त्याला सांगितलं. आईंनी वेगळी बाजू मांडली. "आडीच हजार? आरं, आपल्या बांधावर ये की. हवं तेवढं झाडून ने."

शाळेतल्या संस्कृतच्या बाई माझ्या मैत्रीण. त्यांना कळवलं तर त्या हरखल्याच. याला गोक्षुर म्हणतात, गाईच्या खुरावरून. श्वदंष्ट्रा म्हणजे कुत्र्याचा दात. आणि स्वादुकंटक, म्हणजे चवदार काटा. हे शेवटचं नाव ठेवणाऱ्याने पिशवीत हात घातला नसावा. दशमुळांमधलं हे एक मूळ. चरकसंहितेत कुठल्या कामाला कोण सर्वांत श्रेष्ठ याची एक लांबलचक यादी आहे आणि तीत लघवी अडखळत, दुखत होण्यावर पहिला मान गोक्षुराला दिलेला आहे. या दुखण्याचं नाव मूत्रकृच्छ्र, आणि चरकाने त्याचे आठ प्रकार सांगितलेत. मी माझा कुठला ते ठरवायच्या प्रयत्नात असताना बाई म्हणाल्या, त्याच यादीत धीर देणाऱ्या गोष्टींत पाणी श्रेष्ठ म्हटलंय आणि थकवा घालवणाऱ्या गोष्टींत मद्य. यातलं पाणी माझ्या लक्षात राहिलं. मद्य नवऱ्याने एका ऐकण्यात पाठ केलं. त्याला पंधरा वर्षं माझा फोन नंबर पाठ झालेला नाही.

मग काढा. काढ्याचं माप जुन्या ग्रंथांत पक्कं आहे: औषधाच्या सोळा पट पाणी घालायचं आणि आठवा हिस्सा उरेपर्यंत मंद आचेवर आटवायचं. गणित म्हणून हे छान आहे. गॅस सिलिंडर म्हणून नाही. आईंनी सराटे खलबत्त्यात जाडसर कुटले. त्या आवाजाने खालचे नाना पुन्हा वर आले. पातेलं दीड तास खदखदलं. घरभर असा वास सुटला, की ओल्या गवताची गंजी कुणीतरी बैलासकट उकळतंय. स्वादुकंटकाचा स्वाद मी घेतला. पहिल्या घोटाला गोडसर वाटलं, दुसऱ्याला मातकट, आणि तिसऱ्या घोटाला मला माझ्या लहानपणीच्या सगळ्या चपला आठवल्या.

"वर भांडंभर पाणी पी," आई म्हणाल्या. "आन् दर तासाला पी. ह्याच्यावर पाणी न्हाई पिलं तर ह्याचा उपेग न्हाई."

हे वाक्य मी नीट ऐकून ठेवलं.

दरम्यान डॉक्टरही चालू होते, नाही असं नाही. फोनच्या दुसऱ्या दिवशी, नणंदेच्या नर्स मुलीने दम दिल्यावर, मी गेले होते. आमच्या डॉक्टरीणबाई तरुण आहेत आणि त्यांना कुठल्याही शब्दाची लाज नाही. "लघवी करताना जळजळ? वारंवार? रक्त? थंडी-ताप? कंबरेत दुखतं?" एवढं त्या एका दमात, दार उघडं ठेवून विचारतात. मग समजावून सांगितलं. आतड्यात गुण्यागोविंदाने नांदणारा ई. कोलाय नावाचा जंतू बहुतेक वेळा याचं कारण असतो. तो शेजारच्या घरात घुसला की हे होतं. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम चार सेंटिमीटर, पुरुषांचा त्याच्या चार-पाच पट. मी पुण्याची, मला लगेच कळलं: स्वारगेटहून डेक्कनला जाणं वेगळं आणि लोणी काळभोरला जाणं वेगळं. जंतूदेखील जवळचं बघतो. शिवाय पाणी पीत राहिलं आणि वेळेवर मोकळं होत राहिलं तर तो आपोआप वाहून जातो. आपण पाणी तोडलं आणि तुंबून बसलो की त्याची वसाहत होते. "बाई, तुम्ही दिवसभरात किती वेळा जाता?" त्यांनी विचारलं. मी खरं सांगितलं. त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मधल्या सुट्टीत काय करता?"

मलाही या प्रश्नाला धड उत्तर देता आलं नाही.

कल्चरसाठी नमुना द्यायचा होता. त्या छोट्या बाटलीत नेम धरण्याचं कौशल्य बायकांना निसर्गाने का दिलं नाही, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. बाटली मी आधी कागदात, मग प्लॅस्टिकच्या पिशवीत, मग मिठाईच्या दुकानाच्या पिशवीत घातली. प्रयोगशाळेच्या दारात माझा नववीचा एक माजी विद्यार्थी भेटला, पाया पडला आणि म्हणाला, "बाई, पेढे? कुणाचा निकाल लागला?" मी म्हटलं, "लागेल. दोन दिवसांत."

दोन दिवसांनी निकाल लागलाही. जंतू उत्तीर्ण झाला होता. गोळ्या आधीच सुरू होत्या, त्या बदलाव्या लागल्या नाहीत. मी चोरट्यासारखं काढ्याचं सांगितलं. मला वाटलं, डॉक्टरीणबाई रागावतील. त्यांनी फक्त विचारलं, रक्तदाबाची किंवा साखरेची गोळी चालू आहे का, आणि नाही म्हटल्यावर म्हणाल्या, "प्या. पण काढ्यावर बरं वाटलं म्हणून गोळ्या अर्ध्यात सोडायच्या नाहीत. आणि थंडी वाजून ताप आला, कंबर धरली किंवा लाल दिसलं, तर सासूबाईंना नाही, मला फोन करायचा." हे मी इथे मुद्दाम लिहिते आहे. विनोदी लेखात एवढं एक वाक्य गंभीरपणे वाचलंत तर माझी हरकत नाही.

पाचव्या दिवशी मी ठणठणीत होते. आणि मग आमच्या घरात श्रेयवादाची लढाई सुरू झाली. महापालिकेचा एखादा रस्ता झाला की जशा चार पक्षांच्या चार पाट्या लागतात, तसं. आईंचं म्हणणं, सराट्याने काम केलं. डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, गोळ्यांनी. समोरच्या काकू पानफुटीवर ठाम होत्या. ती मी कुंडीत लावली होती, हे त्यांना सांगायचं धैर्य मला झालं नाही. माळकरी चुलत सासूबाईंनी विठ्ठलाचं नाव घेतलं. नवरा म्हणाला, "मी डिस्टर्ब केलं नाही, त्यामुळे आराम मिळाला."

माझ्या मते मात्र हा सगळा डाव पाण्याचा होता. धने भिजवा, जव उकळा, वाळा घाला, सब्जा घाला, सराटे कुटा. शेवटी आपण पितो ते काय? पाणी. आपल्या आज्ज्यांना हे पक्कं ठाऊक असणार. "पोरी, पाणी पी" असं नुसतं सांगितलं तर कुठली पोर ऐकते? म्हणून त्यांनी त्यात काटे टाकले. गोळीत गुण आहे हे मी मान्य करते, ती मी पुरी घेतली. काढ्यात नाही असं म्हणायची माझी छाती नाही, कारण आई हा लेख वाचणार आहेत. पण २७ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासमोर तासातासाला तांब्या घेऊन उभं राहिलं होतं आणि "झाली का?" असं जाहीरपणे विचारत होतं. आण्णा फोनवरून विचारत होते. अख्खा तालुका विचारत होता. एवढ्या लोकांसमोर कुठलं मूत्रपिंड कामचुकारपणा करील?

आई आठवड्याने परत गेल्या. उरलेले सराटे एका डब्यात भरून ठेवले आहेत. थोडे सांडलेही असावेत, कारण मे महिन्यात नवरा हॉलमध्ये अनवाणी चालताना अचानक उड्या मारू लागला आणि त्याला गोखरूचा तळपायाशी असलेला संबंध अखेर सापडला.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मी टेबलावर पाण्याची मोठी बाटली ठेवली. शिक्षकखोलीत गणिताच्या बाई हळूच जवळ आल्या, इकडेतिकडे बघितलं आणि कानात म्हणाल्या, "बाई, जरा ते... तुम्हाला झालं होतं ना... तसंच." मी म्हटलं, "उन्हाळी लागली?" जरा मोठ्यानेच म्हटलं. खोलीतल्या तीन जणी एकदम वळल्या. त्यांतल्या दोघींनी दुसऱ्या दिवशी डबा मागितला. तिघींनाही मी आधी डॉक्टरीणबाईंचा नंबर दिला, मग सराटे.

आणि आता माझ्या तासाला करंगळी वर आली की मी काही विचारत नाही, नुसती मान हलवते. गेल्या मंगळवारी सहावी 'ब'च्या चौथ्या तासाला एकोणीस मुलं एकीला गेली. परत आली सतरा. उरलेले दोघे शाळेमागच्या चिंचेखाली सापडले.